गोळी मोफत मिळते, पाण्याचं काय?

महाराष्ट्रात आज एचआयव्हीसह जगणारी सुमारे चार लाख माणसं आहेत. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढी नाहीत. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या मोजक्या आठ केंद्रांवर सरकारने एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी औषधं, मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आणि एचआयव्ही मारत जातो त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, किती उरल्यात हे पाहत न बसता, तपासणी पॉझिटिव्ह आली की औषध सुरू, असं धोरण आलं. आता बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली टीएलडीची एकच गोळी रोज घ्यावी लागते. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या, सांगली-सोलापूरच्या वॉर्डांत ज्यांनी तरणीताठी माणसं वाळून मरताना पाहिली, त्यांना या कामाचं मोल सांगावं लागत नाही. मलाही ते कमी लेखायचं नाही. मला बोलायचंय ते त्या गोळीसोबत प्यायल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल, आणि त्या पाण्यातून पोटात जाणाऱ्या परजीवींबद्दल.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या सीडी-फोर पेशी खालावल्या आहेत, त्याच्यासाठी निर्धोक पाणी आणि शौचाची नीट तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. जे सरकार आयुष्यभराची गोळी फुकट द्यायची जबाबदारी घेतं, त्याने या दोन गोष्टी ग्रामपंचायतीवर, नाक्यावरच्या मेडिकलवर किंवा रुग्णाच्या नशिबावर सोडता कामा नयेत.

परजीवी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंत येतात. शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी घराघरांत माहीत आहे, आणि पोटातल्या कुठल्याही परजीवीवर तीच चालते असा समज पक्का बसला आहे. एचआयव्हीत आतड्याला सर्वांत जास्त छळणारे परजीवी मात्र जंत नाहीत. ते एकपेशीय आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि अल्बेंडाझोलला दाद देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा ही त्यांची नावं. नावं तोंडात बसायला अवघड, पण काम तिघांचंही एकच: लहान आतड्याच्या अस्तरात शिरायचं आणि तिथेच वाढायचं. धडधाकट माणसाला यातल्या एखाद्याची लागण झाली तर आठ-पंधरा दिवस, फार तर काही आठवडे जुलाब होतात, थकवा येतो आणि शरीर आपणच त्यातून सावरतं. सीडी-फोरचा आकडा रक्ताच्या घन मिलिमीटरमागे शंभराच्या खाली गेलेल्याचं शरीर सावरू शकत नाही. जुलाब महिनोन् महिने चालतात. वजन उतरतं, डोळे खोल जातात, खाल्लेलं अंगी लागत नाही. संडास घराबाहेर असेल, किंवा नसेलच, तर रात्रीच्या रात्री जागून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत क्रिप्टोची किंवा सिस्टोआयसोस्पोराची महिन्याहून अधिक रेंगाळलेली लागण चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरली जाते.

माणसात क्रिप्टोची पहिली नोंद झाली १९७६ मध्ये. त्याआधी तो जनावरांचा, विशेषतः वासरांचा आजार समजला जाई. १९८२ मध्ये अमेरिकेत एड्सच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी २१ जणांना या परजीवीचे न थांबणारे जुलाब असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि मग डॉक्टरांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. म्हणजे एचआयव्हीच्या गोष्टीत हा परजीवी पहिल्या पानापासून आहे. आपल्याकडच्या चर्चेत तो जवळपास नाही. एचआयव्ही आणि टीबी यांची सांगड शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. एचआयव्ही आणि पाणी यांची सांगड मी कुठल्याही सरकारी फलकावर ठळकपणे वाचलेली नाही.

गावात पाणी शुद्ध करणं म्हणजे टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकणं. जलसुरक्षक पावडर कालवून टाकीत सोडतो, शेवटच्या नळाचं पाणी घेऊन त्यात क्लोरीन उरलाय का हे पाहणारी ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की वहीत नोंद करतो. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की तालुक्याहून आलेला अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, टीसीएल टाकली होती का. हे काम मोलाचं आहे. कॉलरा, टायफॉइडचे जंतू क्लोरीनने मरतात, आणि जिथे पावडर महिना-महिना पोचत नाही तिथे आधी तीच पोचली पाहिजे. पण क्रिप्टो शरीराबाहेर पडतो तो जाड कवचात, आणि नळाच्या पाण्यात आपण जेवढा क्लोरीन ठेवतो तेवढ्याने त्या कवचाचं काही बिघडत नाही. पोहण्याच्या तलावात व्यवस्थित क्लोरीन असतानाही तो आठवडाभराहून अधिक तग धरतो. ओटी टेस्ट पिवळी आली, ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालं, तरी ते पाणी सीडी-फोर ऐंशी असलेल्या माणसाला चालेल याची हमी मिळत नाही. गावात वापरतात ती काळी पडणारी एच-टू-एसची बाटलीही जिवाणूंसाठीच आहे. क्रिप्टो तिच्यात दिसत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही याचा पुरावा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९९३ मध्ये दिला. मिशिगन सरोवराचं पाणी तिथे गाळून, क्लोरीन घालून घरोघर येत होतं. मार्चअखेर शहराच्या दक्षिणेकडच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी गढूळ व्हायला लागलं, गाळणी कमी पडली, आणि एप्रिलपर्यंत सुमारे चार लाख माणसांना जुलाब झाले. बाकीचे यथावकाश बरे झाले. जे पन्नासहून अधिक दगावले, त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती हे खरं. पण तेच पाणी, तोच परजीवी, एकासाठी पंधरा दिवसांचा त्रास आणि दुसऱ्यासाठी मरण, हे इतकं उघडपणे दुसऱ्या कुठल्या घटनेत क्वचितच दिसलं असेल.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेडगाव भागात गुलियन बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा विहिरींपासून टँकरपर्यंत सगळ्याची तपासणी झाली, वर्तमानपत्रांनी पानं दिली. ते योग्यच झालं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जुलाबाला साथीचं रूप नसतं. ते विखुरलेले असतात, एक इथे, एक तिथे, आणि आपलं दुखणं चारचौघांत सांगायची सोय त्यांना नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी विहिरीवर कुणी येत नाही.

जुलाब सुरू झाले की माणूस करतो काय? आधी मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा सुरू. मग जुलाब बांधणारी गोळी. मग दवाखान्यात सलाईन. दरम्यान दोन-तीन हजार रुपये जातात. कुणी शौचाची तपासणी सांगितलीच तर प्रयोगशाळेत साधी ओली काचपट्टी बघितली जाते, अमिबा नाही, जिआर्डिया नाही, जंतांची अंडी नाहीत, आणि अहवालावर ‘काही आढळले नाही’ असं लिहून येतं. क्रिप्टो त्या काचपट्टीवर असला तरी तो ओळखू येणं फार अवघड. तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान, रंगहीन, गोल ठिपका. यीस्टचा ठिपकाही तसाच दिसतो.

तो दिसण्यासाठी काचपट्टी रंगवावी लागते, आणि रंग आपल्या प्रत्येक जुन्या टीबी प्रयोगशाळेच्या फडताळात आहे. थुंकीतला टीबीचा जंतू शोधायला जो कार्बोल फुक्सिनचा लाल रंग लागतो, तोच इथे लागतो. शौचाचा पातळ थर काचेवर पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलने पक्का करायचा, त्यावर लाल रंग काही मिनिटं ठेवायचा. मग ॲसिडने धुवायचं. थुंकीसाठी २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड वापरतात, इथे एक टक्क्याच्या आसपासचं सौम्य पुरतं, नाहीतर परजीवीचाही रंग उतरतो. शेवटी मिथिलिन ब्ल्यूचा निळा. हे सगळं अर्ध्या तासाच्या आत होतं. मग तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली पाहिलं की निळ्या पसाऱ्यात क्रिप्टो गुलाबी-लाल गोळ्यांसारखा चमकतो, चार ते सहा मायक्रॉनचा, एखादा गडद तर एखादा फिका. यीस्ट निळं राहतं, म्हणून गल्लत होत नाही. सायक्लोस्पोरा तसाच गोल पण दुप्पट मोठा. सिस्टोआयसोस्पोरा तर एकदा पाहिला की विसरता येत नाही: लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, पंचवीस-तीस मायक्रॉनचा, आत एक किंवा दोन लाल गोळे. परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने बघावे लागतात. खर्च म्हणाल तर रंगाचे थोडे थेंब, तीन काचपट्ट्या आणि एका तंत्रज्ञाचा वेळ.

आणि हा वेळ आता मोकळा होतो आहे. टीबीचं निदान सूक्ष्मदर्शकाकडून रेणूच्या, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या, चाचण्यांकडे चाललं आहे. गोव्यातल्या कंपनीने तयार केलेलं ट्रूनॅट यंत्र तालुक्यातालुक्यांत पोचलं आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याबरोबर वर्षानुवर्षं थुंकीच्या काचपट्ट्या बघून तयार झालेली नजर बाजूला पडते आहे. लाल रंग घेणारी बारीक वस्तू निळ्या पसाऱ्यातून हुडकून काढणं हीच त्या नजरेची कमाई. अशा तंत्रज्ञांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तर एआरटी केंद्राला जोडलेल्या प्रत्येक प्रयोगशाळेत ही तपासणी सुरू होऊ शकते. वैद्यकीय महाविद्यालयांत ती आजही होते. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर तिची सवय लागलेली नाही. दहा वर्षं थांबलो तर शिकवायला जुनी माणसंही उरणार नाहीत.

काचपट्टी बघून फरक काय पडतो, असं विचारणारे डॉक्टर मला भेटले आहेत. क्रिप्टोवर औषधच नाही, मग नाव कळून करायचं काय, असा त्यांचा मुद्दा. अर्धा मुद्दा खरा आहे. नायटाझोक्सानाइड हे औषध धडधाकट माणसांत चालतं, पण झांबियात लहान मुलांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते एचआयव्ही नसलेल्या मुलांत लागू पडलं आणि एचआयव्ही असलेल्या मुलांत पडलं नाही. कुष्ठरोगाच्या एमडीटीतलं, म्हणजे बहुऔषध उपचारातलं, क्लोफाझिमीन आपल्याला ओळखीचं आहे. प्रयोगशाळेत त्याने क्रिप्टो मारला म्हणून मलावीत एचआयव्हीच्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं, तिथेही निराशा झाली. आजच्या घडीला क्रिप्टोवरचा खरा इलाज एआरटीच आहे. पेशी शंभराच्या वर चढल्या की शरीर त्याला बाहेर काढतं. तोवर माणूस तगला पाहिजे, म्हणजे पाणी, क्षार, आहार आणि पुन्हा तोच परजीवी पोटात जाऊ नये याची काळजी.

दुसरा अर्धा मुद्दा मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात. भारतासारख्या उष्ण प्रदेशांत एचआयव्हीच्या जुनाट जुलाबांमागे सिस्टोआयसोस्पोरा वारंवार सापडतो, आणि तो कॉट्रायमोक्सॅझोलने बरा होतो. रुपया-दोन रुपयांची जुनी गोळी. आठ-दहा दिवसांचा मोठा डोस, त्यानंतर पेशी वाढेपर्यंत रोजचा छोटा डोस. कित्येकदा चार-पाच दिवसांत जुलाब थांबतात, सहा-सहा महिन्यांचे. काचपट्टी पाहिल्याशिवाय हे दोन परजीवी वेगळे ओळखू येत नाहीत, कारण रुग्ण दोघांतही सारखाच दिसतो. एक बरा करता येतो आणि दुसऱ्यात धीर धरावा लागतो, हे ज्या तपासणीतून कळतं तिला निरुपयोगी कसं म्हणायचं?

कॉट्रायमोक्सॅझोलबद्दल आणखी थोडं बोललं पाहिजे. सीडी-फोर ३५० च्या खाली असलेल्यांना ती रोज द्यावी असा नियम आहे. ती न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या आजारापासून वाचवते आणि मेंदूतल्या टॉक्सोप्लाझ्मापासूनही. टॉक्सोप्लाझ्मा हाही परजीवीच; कच्च्या मांसातून किंवा मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, अन्नातून तो वर्षानुवर्षांपूर्वी शरीरात शिरून गप्प बसलेला असतो, आणि पेशी शंभराच्या खाली गेल्या की मेंदूत गाठी करतो. अचानक फिट येते, एक हात-पाय लुळा पडतो. स्कॅनमध्ये कडीसारखी गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तही आहे, पण टॉक्सोचा विचार मागे पडला तर हातचे दिवस जातात. मलेरिया, खरूज, मेंदूतले फीतकृमी यांच्याबद्दलही लिहिण्यासारखं आहे, पण या सगळ्यांत एवढी स्वस्त आणि इतक्या आघाड्यांवर काम करणारी गोळी दुसरी नाही. अशी गोळी ‘या महिन्यात आली नाही, बाहेरून घ्या’ असं सांगावं लागणं एकाही केंद्राला परवडणारं नाही. एआरटीचा साठा संपला तर बोंब होते, व्हायला हवी. हिचा साठा संपला तर कुणी बोलत नाही, कारण तिला साधी अँटिबायोटिक समजलं जातं.

जुलाबाचा आणखी एक घाव आहे, तो रुग्णाच्या इज्जतीवर पडतो. आतड्याचं अस्तर झिजलं की गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. टीबीची औषधं अशा रुग्णांच्या रक्तात कमी पोचतात हे तर चांगलंच माहीत आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, चढलेला आला की समुपदेशकाचा पहिला प्रश्न असतो, गोळ्या चुकवता का? उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक उघडलं जातं, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. गोळी वेळेवर घेणारी बाई शपथा घेऊन सांगते, नवरा मान डोलावतो, आणि तरी तिच्या नावापुढे संशय चिकटून राहतो. तिला किती दिवस जुलाब होतायत, हा प्रश्न त्या संभाषणात आधी आला पाहिजे. तो विचारायला पैसे लागत नाहीत. समुपदेशकांवर दिवसाला किती माणसांचा भार असतो हे मला ठाऊक आहे, म्हणून दोष त्यांना देत नाही. प्रश्नांची जी यादी त्यांच्या हातात दिली जाते तिच्यात हा प्रश्न ठळक हवा.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे त्यांच्याकडे येतो. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या आसपास किंवा शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पाणी कधी टँकरचं, कधी कॅनॉलचं, कधी उसाला सोडलेल्या मोटारीचं. संडास म्हणजे ऊसच. बैलगाडीवाल्यांच्या कोपीला लागूनच बैल, गाय, लहान वासरू, आणि क्रिप्टोचा एक मोठा साठा म्हणजे जुलाब झालेलं नवजात वासरू. क्रिप्टोची दहा कवचंसुद्धा लागणीला पुरतात. या माणसांत एचआयव्हीसह जगणारेही आहेत. त्यांना आता एकदम काही महिन्यांच्या गोळ्या बरोबर देता येतात, कोविडच्या काळापासून ही पद्धत रुळली, आणि तिने हंगामात तुटणारे उपचार पुष्कळ वाचवले. गोळ्यांची पिशवी कोपीत टांगलेली असते. पाणी मात्र तेच, कॅनॉलचं.

तुरटी फिरवली, फडक्याने गाळलं, तर गाळ जातो; क्रिप्टो मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा असतो, तो फडक्यात अडकत नाही. आरओ किंवा यूव्हीचं यंत्र त्याला रोखतं, पण कोपीत वीज कुठली? राहतं उकळणं. पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि ती मिनिटभर टिकली की क्रिप्टो मरतो. पहाटे चारला उठून फडात जाणारी बाई चुलीवर भाकरी करते, चहा करते. प्यायचं पाणीही उकळायला सांगणं म्हणजे तिला आणखी सरपण गोळा करायला सांगणं. केंद्रावर ‘पाणी उकळून प्या’ असं वाक्य टाकून आपण मोकळे होतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याचा खर्च कुणी करायचा हे त्यात सांगितलेलं नसतं.

तो खर्च मांडून पाहू. एका माणसाला पिण्यासाठी, गोळ्यांसाठी, तोंड धुण्यासाठी दिवसाला पाच लिटर उकळलेलं पाणी धरा. पाच लिटर पाणी उकळायला साध्या शेगडीवर ढोबळमानाने साठ-सत्तर ग्रॅम गॅस लागतो. महिन्याला दोन किलो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा सातवा भाग. आजच्या भावात सव्वाशे रुपयांच्या आत-बाहेर. हे पैसे सगळ्या चार लाखांना आयुष्यभर द्यायचे नाहीत. ज्यांच्या पेशी दोनशेच्या खाली आहेत त्यांना, पेशी वर येईपर्यंत, सहा महिने, वर्षभर. एका जुलाबाच्या भरतीत सलाईन आणि प्रवासात जेवढे पैसे जातात तेवढ्यात हे वर्ष निघेल. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार आता महिन्याला १,००० रुपये खात्यावर देतं, कारण अन्न हा टीबीच्या उपचाराचा भाग आहे हे मान्य झालं. तोच न्याय इथे का लागू नये?

यावर एक आक्षेप मला खरोखर अडवतो. एचआयव्हीच्या नावाने कुठलीही सवलत आली की तिच्यासोबत कागद येतो, आणि कागदावरून नाव फुटतं. एसटीत प्रवाससवलत आहे, पण ओळखीच्या कंडक्टरसमोर ते कार्ड काढायला कितीजण धजावतात? संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत आपलं दुखणं सांगत जावं लागतं. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई करतो. गावात नाव फुटायला एक नजरही पुरते. म्हणून पाण्याचे पैसे वेगळ्या नावाने, एआरटी केंद्राकडून थेट खात्यावर गेले पाहिजेत, आणि कोप्यांवरचं पाणी तर सगळ्यांसाठीच सुधारलं पाहिजे. तिथे एचआयव्ही कुणाला आहे हे विचारायचीही गरज नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, दर टनामागे कारखान्यांनी त्याच्यासाठी पैसे द्यायचे आहेत. गाळलेल्या आणि यूव्हीतून काढलेल्या पाण्याची एक टाकी प्रत्येक तळावर ठेवणं, हे काम त्या पैशात बसतं.

दुसरा आक्षेप असा की एआरटी लवकर सुरू होऊ लागल्यापासून हे आजार कमी झालेत, मग एवढा आटापिटा कशाला. कमी झालेत, हे खरं. पण आजही कित्येकांना पेशी दोनशेच्या खाली गेल्यावरच आपल्याला एचआयव्ही असल्याचं कळतं, आणि कित्येकजण गोळ्या सोडून वर्षा-दोन वर्षांनी वाळलेल्या अंगाने परत येतात. ऊसतोड करणारे, बांधकामावरचे, ट्रकवरचे, घरातून हाकललेल्या विधवा. संख्या घटते तशी उरलेल्यांची गरिबी दाटत जाते. आकडा लहान झाला म्हणून त्यांना वगळायचं ठरवलं, तर ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम सर्वांत जास्त हवा त्यांनाच तो नाकारला जाईल.

बिहारने याबाबतीत वेगळी वाट दाखवली आहे. काळाआजार हाही परजीवीचा आजार. एचआयव्ही असलेल्यात तो बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटतो. तिथे पाटण्यातल्या संशोधन संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून या रुग्णांसाठी वेगळी उपचारपद्धती तपासली, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आणि मिल्टेफोसिन एकत्र, चौदा दिवस. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच दक्षिण आशियासाठी सुचवली. काळाआजाराच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची, हेही पक्कं झालं. एवढं लक्ष मिळालं, कारण काळाआजार संपवण्याचं उद्दिष्ट सरकारने ठरवलेलं होतं आणि एचआयव्हीचे रुग्ण तसेच राहिले तर आजार त्यांच्यात टिकून राहणार होता. इतरांना धोका होता म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं. क्रिप्टो आणि सिस्टोआयसोस्पोराच्या बाबतीत तसा धोका कुणाला वाटत नाही, निर्मूलनाची तारीख नाही, रजिस्टरमध्ये रकाना नाही. अहवालात बहुतेक ठिकाणी ‘जुलाब’ एवढाच शब्द उरतो, आणि ज्याची मोजणी नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

म्हणून मागणी करायची तर ती रकान्यापासून करावी लागेल. दोन आठवड्यांहून अधिक जुलाब असलेल्या प्रत्येक एचआयव्हीबाधिताच्या तीन काचपट्ट्या रंगवून तपासल्या का, आणि काय सापडलं, हे एआरटी केंद्राच्या मासिक अहवालात आलं पाहिजे. राज्य एड्स नियंत्रण संस्थेला यासाठी दिल्लीच्या परवानगीची फारशी वाट पाहावी लागू नये. रंग आहे, सूक्ष्मदर्शक आहे, माणूस आहे. सुरुवात बीड, सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांतून व्हावी, कारण एकाच कुटुंबाची वर्षातली दोन घरं याच पट्ट्यात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे बॉयलर पेटतात. त्याआधी, म्हणजे गौरी-गणपतीनंतरच्या महिन्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णांना हंगामासाठीच्या गोळ्या द्यायला केंद्रावर बोलावावं. त्याच भेटीत त्यांची सीडी-फोर पाहावी, जुलाबाचं विचारावं, कॉट्रायमोक्सॅझोल हंगाम संपेपर्यंत पुरेल एवढी बांधून द्यावी, आणि पाण्याच्या पैशांचा पहिला हप्ता त्यांच्या खात्यावर जमा करावा.